पांढरी बाटली

"आजून बुळबुळतंय की गं माय हे!" म्हणत नागुबाईनं आणखी एक तांब्या शिवकांताच्या डोक्यावर ओतला.

न्हाणीत वाफ कोंदली होती. पाटावर बसलेल्या शिवकांतानं डोळे मिटून घेतले होते आणि तिचे कमरेपर्यंतचे केस नागुबाईच्या मुठीतून मासळीसारखे निसटत होते. नागुबाईचा अर्धा जन्म बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात गेलेला. शिकेकाई निघून गेली की केस बोटांना कसे अडतात, कसे चरचरतात, हे तिला झोपेतसुद्धा कळलं असतं. आज मात्र तांब्यामागून तांब्या ओतला तरी केस अडायचं नाव घेईनात. बाळंतिणीच्या डोक्यात साबण राहिला तर खाज सुटते, केस गळतात आणि बोल आपल्याला लागतो, या धास्तीनं ती ओततच राहिली. हंड्यातलं गरम पाणी संपलं. तिनं बाहेरच्या रांजणातून घागरी भरून आणल्या, चुलीवरच्या आधणात मिसळल्या आणि पुन्हा ओतू लागली. शेवटी तांब्या रांजणाच्या तळाला खरवडला, तेव्हा कुठं तिचा हात थांबला.

केस तरीही बुळबुळीतच होते.

ते वर्ष असं होतं, की त्या रांजणात सगळं घर होतं. लातूरचा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कलेक्टर आला होता, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, उस्मानाबादेचे हेलपाटे वाचले म्हणून लोक खूश होते. नळाला पाणी मात्र अजून तालुक्याच्याच हिशोबानं येत होतं, आणि पाऊस रुसल्यापासून तेही आठवड्यातून एकदा, आलं तर. गंजगोलाईच्या बाजारात गुरुपादप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. लोकांना भरायला पाणी नव्हतं, पण हंडे-घागरी मात्र धडाक्यात खपत होत्या. माणसाच्या आशेचं काही सांगता येत नाही.

शिवकांता ही त्यांची धाकटी लेक, पहिल्या बाळंतपणाला सोलापूरहून माहेरी आलेली. मुलगी झाली होती. गुरुपादप्पांच्या बायकोनं, शांतम्मानं, मुद्दाम नागुबाईलाच बोलावलं, कारण दुष्काळात नागुबाईचं नाव झालं होतं. एका बादलीत ती बाळ-बाळंतीण दोघांना न्हाऊ घाली आणि वर तांब्याभर पाणी उरवी. "पाणी कमी, हात जास्त," असं तिचं गणित होतं. आधी तेल जिरवायचं, मग डाळीच्या पिठानं अंग चोळायचं, तेच डोक्यालाही लावायचं, शेवटी शिकेकाई. आणि सव्वा महिना भरला की बाळंतीण तिची ओटी भरी, लुगडं देई, पाया पडे. आजवर एकाही घरानं तिला सव्वा महिन्याच्या आत "येऊ नको" म्हटलं नव्हतं. नागुबाईकडे शेत नव्हतं, घर म्हणावं तर पत्र्याची खोली होती. मिरवायला तिच्याजवळ एवढंच होतं.

पण आठवड्यापूर्वी शिवकांताचा भाऊ वीरभद्र मस्कतहून आला आणि बहिणीसाठी साबणाची एक वडी नि दोन बाटल्या घेऊन आला. वडी अंगाला, पिवळी बाटली केसांना, पांढरी बाटली त्यानंतर पुन्हा केसांना. न्हाण्याच्या आदल्या दिवशी शांतम्मानं तिन्ही जिनसा ओळीनं मांडून पाहिल्या होत्या.

"अंग एक. डोकं त्याच अंगावर. मग तीन-तीन कशाला गं?" तिनं विचारलं होतं.

"अव्वा, शाम्पूनं केस कोरडे पडतात. म्हणून नंतर हे लावायचं. मऊ होतात," शिवकांता आईला म्हणाली होती.

"म्हणजे आधी खराब करायचे, मग नीट करायचे? त्यापरीस खराबच करू नये की."

त्यावर नागुबाई पोट धरून हसली होती. ती बाळाला पायांवर पालथं घेऊन बसली होती. "आक्का, आमच्यात तर धुण्याची वडीच अंगाला अन् तीच डोक्याला. बाटलीबिटली कवा पायलीच न्हाई."

"उद्या तुम्हीच लावा मला, मावशी," शिवकांता म्हणाली होती. "पिवळी आधी, पांढरी शेवटी. मग धुऊन टाकायचं."

धुऊन टाकायचं, एवढंच तिनं सांगितलं. धुऊनसुद्धा केस निसरडेच लागणार, ते तसेच लागायला हवेत, हे सांगायचं राहिलं. किती वेळ धुवायचं हे नागुबाईला कुणी सांगायचं असतं का! ते तर तिची बोटंच सांगायची.

तो सोमवार होता. सोमवारी गुरुपादप्पा पहाटेच दुकानी जात, माल उतरवून घेत आणि दहाच्या सुमाराला घरी येऊन आंघोळ करीत. आंघोळीवाचून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा नाही, आणि पूजेवाचून तोंडात पाण्याचा घोट नाही. आजवर यात खंड पडला नव्हता. त्या दिवशी ते आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि न्हाणीच्या दाराशी उभे राहिले. बाजूला नागुबाई रिकाम्या रांजणाकडे पाहत उभी होती.

शांतम्मा शेजारी तीन घरं फिरून आली. प्यायला तांब्याभर पाणी मिळालं, आंघोळीला कोण देणार? टँकर संध्याकाळी यायचा होता.

"असू दे," गुरुपादप्पा म्हणाले आणि ओसरीवरच्या स्टुलावर बसले. ते काही रागावले नाहीत, हेच नागुबाईला जास्त लागलं. साखरेचा आजार असलेला साठीचा माणूस उघड्या अंगानं, रिकाम्या पोटी दिवे लागेपर्यंत तिथं बसून राहिला. दुपारनंतर त्यांचे हात थरथरू लागले. शांतम्मानं कपभर दूध पुढं केलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

नागुबाई घरी गेली नव्हती. भांडी घासायच्या जागेजवळ ती अंग चोरून बसली होती. तिच्याकडे न पाहताच शांतम्मा बोलली, "नागुबाई, तुमच्या भरवशावर मी रांजण उघडा सोडते. आन् तुम्हीच असं करून बसलात? लहान लेकरू हाय काय तुम्ही?"

"साबण निघंना गेला, आक्का."

"साबण निघंना म्हणून मानूस उपाशी ठेवायचा? उद्यापून येऊ नका. मी घालीन न्हाऊ."

नागुबाईनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. शिवकांता बाजेवर बाळाला पाजत होती. तिचे केस उशीवर पसरले होते, रेशमासारखे. ती काही तरी बोलेल असं नागुबाईला वाटलं. शिवकांतानं मान खाली घातली आणि बाळाचं टोपडं सारखं केलं.

सव्वा महिना भरायला निम्मे दिवस उरले होते.

नागुबाई पत्र्याच्या खोलीत परतली. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, तर "बाळंतीन सासरी गेली" असं सांगून मोकळी झाली. पण गल्लीला डोळे नसतात थोडेच! रोज सकाळी ती सवयीनं उठे, लुगड्याचा ओचा वर खोचे आणि मग जायचं कुठंच नाही हे आठवून परत बसे. नुकसान पैशाचं नव्हतं. दुसरं घर मिळालं असतं, बाळंतिणींना काय तोटा! पण आपल्या हातानं कुणी उपाशी राहिलं, हे तिच्या जिवाला चावत होतं. आणि आपल्या बोटांनी आपल्याला फसवलं, हे त्याहून जास्त. तिला मनापासून लाज वाटत होती.

पाण्याचा आणि तिचा हिशोब जुना होता. पासष्ट-सहासष्टच्या दुष्काळात औशाकडच्या खडी फोडायच्या एका सरकारी कामावर, पोत्यांच्या आडोशाला ती बाळंत झाली होती. तेव्हा पाणी प्यायलाच मिळेना. एका म्हातारीनं ओल्या फडक्यानं लेकरू पुसलं आणि तेच फडकं तिच्याही तोंडावरून फिरवलं. तेवढंच तिचं न्हाणं. बाराव्या दिवशी तिनं पुन्हा हातोडा उचलला. लेक जगली, मोठी झाली, कंधारला दिली. तिच्या बाळंतपणात नागुबाईनं तिला इतकं न्हाऊ घातलं, की जावई हसून म्हणाला, "आत्या, आता झिजंल की ती." त्या म्हातारीची ओटी भरायला मात्र नागुबाईकडे तेव्हा चिमूटभर तांदूळही नव्हते. पुढं ती भेटली नाही.

सव्वा महिना भरला तो दिवस नागुबाईनं काही मनात धरून ठेवला नव्हता, असं ती म्हणाली असती. पण त्या दिवशी तिनं दार लोटून घेतलं होतं. आता सिद्धेश्वराच्या देवळात शिवकांता लेकराला पायावर घालायला गेली असेल, असा विचार करत ती तांदूळ निवडत होती. तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली.

रिक्षातून आधी दोन घागरी उतरल्या. मग पांढरी बाटली हातात घेऊन शिवकांता उतरली, आणि तिच्यामागून बाळाला घेऊन शांतम्मा.

"काल नळ आला," शांतम्मा म्हणाली.

"देवळात गेला न्हाईत?" नागुबाई गडबडून उभी राहिली. "पैलं देवाला जावं लागतं, माय."

"जाणार आहे. आधी इथं आले," शिवकांता म्हणाली. "मावशी, त्या दिवशी मला कळत होतं. ते धुतल्यावर तसंच लागतंय, हे मला ठाऊक होतं. पण पाणी गरम होतं, तुमचा हात डोक्यातून फिरत होता, लई बरं वाटत होतं. म्हणून मी गप्प बसले. आन् अव्वा तुम्हाला बोलली तेव्हाही गप्पच बसले. काल सांगितलं तिला."

नागुबाईला राग यायला हवा होता. आला नाही. गरम पाणी डोक्यावर पडत असताना बाईमाणूस का बोलेल, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? "जाऊ द्या की," ती पुटपुटली. "आप्पांची तबेत बरी हाय ना?"

"बरी हाय," शांतम्मा म्हणाली. "तेच म्हनले, दोन घागरी घेऊन जावा."

शिवकांतानं दारापुढच्या दगडाकडे बोट केलं. "बसा."

"मी? कशापायी?"

"बसा म्हणते ना, मावशी."

नागुबाईनं शांतम्माकडे पाहिलं. शांतम्मानं बाळाला खांद्यावर घेतलं, काखेतलं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि तिथंच बैठक मारली. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. नागुबाई दगडावर बसली. शिवकांतानं पदर खोचला, नागुबाईची सुतळीएवढी वेणी सोडली, पिवळ्या बाटलीतलं उरलंसुरलं चोळलं, धुतलं, मग पांढऱ्या बाटलीतलं घेऊन हळूहळू लावू लागली. गुंता तिच्या बोटांखाली सुटत गेला.

"खरं सांगा नागुबाई," उंबऱ्यावरून शांतम्मानं विचारलं, "या तिसऱ्याची काही गरज हाय का?"

नागुबाईचे डोळे मिटलेले होते. "गरज कशाची वो, आक्का," ती म्हणाली. "वडीनंबी भागतंय." मग तिनं मान थोडी पुढं केली. "पर लगीच धुवू नका म्हनावं हिला."

शिवकांता हसली आणि तिनं तांब्या बाजूला ठेवला. उन्हात घागरीतलं पाणी कोमट झालं होतं. नागुबाईला रडू आलं, ते तिनं अडवलं नाही. ओल्या तोंडावर ते कुणाला दिसणारही नव्हतं. फक्त एक अडचण होती. आजवर न्हाणीत तिचे हात कधी रिकामे नव्हते, आणि आता ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना. तिनं ते गुडघ्यावर ठेवून पाहिले, पदरात गुंडाळून पाहिले, एकदा सवयीनं तांब्याकडेही नेले. शेवटी डोक्यावर पाणी पडू लागलं, तेव्हा तिनं दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवून दिले.