पोतंभर ग्रॅम

मित्रांनो, एक दांडी, दोन पितळी पारडी आणि मधोमध ताठ उभा काटा, एवढाच माझा संसार. पारडी तळहाताएवढी, त्यामुळे ज्वारी-बाजरीशी माझा कधी संबंध आला नाही. मी केशर तोलणारा तराजू. मला त्याचा थोडा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

कासारी बाजारातल्या एका कारागिरानं मला घडवलं. माझा काटा केसभर डावीकडे कलायचा, म्हणून त्यानं मला तीनदा सोडून पुन्हा जोडलं. शेवटी काटा सरळ झाला तेव्हा तो म्हणाला, "आता खोटं बोलू नकोस." मी आजवर त्याचा शब्द पाळला आहे.

आजच्या छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. तिथल्या छावणीच्या बाजारात हैदर शेठचं दुकान होतं. एका बाजूला पलटणीच्या घोड्यांसाठी हरभऱ्याची पोती, दुसऱ्या बाजूला केशर, वेलची आणि मी. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हळूहळू पलटणीचे घोडेही गेले आणि केशराचं गिऱ्हाईक आटलं. मी खुंटीवर लटकून नुसता रस्ता बघत बसलो. काम नसलेल्या तराजूसारखं केविलवाणं काही नसतं.

एके दिवशी दुकानाच्या पायरीशी श्रीनिवास सर आले. हर्सूलच्या एका छोट्या हायस्कुलाचे ते हेडमास्तर. दगड फोडणाऱ्यांची, शेतमजुरांची पोरं त्या शाळेत शिकत. शाळा नववीपर्यंतच होती. मॅट्रिकच्या वर्गाला परवानगी हवी तर आधी प्रयोगशाळा हवी, असा नियम होता, आणि शाळेत तर धड कपाटही नव्हतं. म्हणून सर सायकलवरून दारोदार फिरत होते. कुणी बरण्या दिल्या, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं काचेच्या नळ्या दिल्या.

हैदर शेठनं मला खुंटीवरून काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली.

"मास्टरसाब, हा माझ्या अब्बांचा तराजू. आता केशर घेनारं कोन राहिलंय? घेऊन जा. तोळ्याचं वजन पन ठेवा. बच्चे लोक शिकतील."

सरांनी मला जपून पिशवीत ठेवलं. निघताना त्यांनी लागणाऱ्या वस्तूंची इंग्रजी यादी शेठला दिली. "यातलं आणखी काही जमलं तर बघा," म्हणाले. तराजूच्या खाली त्या यादीत पुढचाच शब्द होता, ग्रॅम. तेव्हा देशात नवी वजनं आली होती आणि शाळेला तोळ्याचं नव्हे, ग्रॅमचं वजन हवं होतं.

शेठला इंग्रजीतले जेमतेम डझनभर शब्द वाचता येत. ते सगळे पलटणीच्या चिठ्ठ्यांवरून शिकलेले. त्यातला पहिला शब्द ग्रॅम. इंग्रजीत हरभऱ्यालाही ग्रॅमच म्हणतात.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या दारात बैलगाडी उभी राहिली. शाळेच्या शिपाईण वच्छलाबाई धावत आत आल्या. "सर, शेठनं पोतं धाडलंय. चिठ्ठी बी हाय."

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ग्रॅम पाठवला आहे. कमी पडला तर कळवा.’

सरांनी चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. परवानगीसाठीची तपासणी महिन्यावर आली होती आणि वजनं घ्यायला शाळेकडे काही नव्हतं. "शेठना यातलं काही कळू देऊ नका," ते म्हणाले, "माणूस ओशाळेल."

वच्छलाबाईंचा विचार वेगळाच होता. त्यांनी त्याच संध्याकाळी घमेलंभर हरभरे भिजत घातले. "पोरं उपाशी येत्यात, सर. पोटात काय नाय तर डोक्यात काय जाणार?" दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत प्रत्येकाला ओंजळभर भिजवलेले हरभरे मिळू लागले. कधी न येणारी पोरंही वेळेवर येऊ लागली.

नववीत अजरा नावाची मुलगी होती. गवंडी शफीकभाईंची लेक. बापानं स्वच्छ सांगितलं होतं, "हितं मॅट्रिक निघाली तर शीक. शहरात येवढं लांब एकटीला धाडायचो नाय." म्हणजे त्या परवानगीवर अजराची सगळी शाळा लटकलेली. हे मला कळलं तेव्हापासून माझा जीव तिच्यात अडकला.

हरभरे खाता खाता अजरा थांबली. "सर, आपल्याकडं तोळ्याचं वजन हाय ना? पुस्तकात तोळ्याचे ग्रॅम किती ते दिलंय. मग हरभऱ्याचंच वजन केलं तर?"

तिनं एका पारड्यात तोळा ठेवला, दुसऱ्यात कोरडे हरभरे टाकत गेली. अठ्ठावन्न दाण्यांना माझा काटा सरळ झाला. तिनं पाटीवर आकडेमोड केली आणि ती हसायलाच लागली. पाच हरभऱ्यांचा एक ग्रॅम होत होता!

मग काय विचारता. सगळा वर्ग हरभरे निवडायला बसला. भिजवून सुईनं ओवायचे, उन्हात कडक वाळवायचे, पुन्हा तोलायचे. पाच दाण्यांची माळ एक ग्रॅमची, पन्नास दाण्यांची दहा ग्रॅमची. माझं एक पारडं तर दिवसभर नवरीसारखं माळा घालून बसायचं.

तपासणीचा दिवस उजाडला. शिक्षण खात्याच्या साहेबांनी माळा पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हेडमास्तर, हा काय पोरखेळ?"

"साहेब, यादीत ग्रॅम होता," सर हळूच म्हणाले, "शाळेला ग्रॅमच मिळाला."

साहेबांच्या मिशा जरा हलल्या, पण त्यांनी स्वतःला आवरलं. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक वजन काढून त्यांनी माझ्या पारड्यात ठेवलं. "किती ग्रॅम, सांग," ते पुढं बसलेल्या अजराला म्हणाले.

अजरानं दहाच्या दोन माळा टाकल्या. काटा सरळ होईना. एक ग्रॅमची माळ टाकली, झाला. म्हणजे एकवीस. खोटं मला बोलता येत नाही, पण माळेतच खोट असेल तर मी काय करणार?

अजरानं दोन्ही मोठ्या माळांवरून बोट फिरवलं, ते एकीवर अडखळलं. "साहेब, काटा एकवीस म्हनतोय. पन मला ते खरं वाटंना. अजून एक डाव तोलू द्या."

तिनं त्या दोन माळा एकमेकींसमोर ठेवल्या. एक हलकी निघाली. आठ-दहा दाणे किड्यानं आतून पोखरले होते. तिनं ती बाजूला सारली, चांगली माळ घेतली आणि पुन्हा तोललं. मी शहाण्यासारखा सरळ उभा राहिलो.

"वीस," अजरा म्हणाली.

साहेबांनी कागद उलगडला. आत वीस ग्रॅमचंच वजन होतं. त्यांनी अजराकडे बोट दाखवलं. "वजनं विकत मिळतात," ते सरांना म्हणाले, "ही नाही मिळत." आणि वर्गाला परवानगी लिहून दिली. वर्षभरात खरी वजनं घ्यावीत, असंही खाली लिहिलं. साहेबच ते.

सर छावणीत जाऊन शेठना म्हणाले, "तुमच्या ग्रॅमनं आमची शाळा पास झाली."

"व्हनारच," शेठ म्हणाले. "पलटनीत पन ग्रॅमबिगर काय चालत नव्हतं." जिवंत असेपर्यंत दरवर्षी त्यांनी एक पोतं धाडलं. आपली चूक त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.

पुढं आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आणि मी कपाटामागं पडलो. साखळी तुटली, पारड्यात पालीनं अंडी घातली. भंगारात जायच्या दिवशी एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी मला ओळखलं. निवृत्त मुख्याध्यापिका अजराबाई. त्यांनी मला चिंचेनं घासलं, साखळी जोडून घेतली आणि वेरूळच्या रस्त्यावर खाणकामगारांच्या वस्तीत नव्यानं निघालेल्या हायस्कुलाला दिलं. सोबत हरभऱ्याचं पोतंही पाठवलं.

मित्रांनो, मी आता तिथंच असतो. माझी पारडी कोरडी ठेवा, काट्याशी खेळू नका, एवढंच माझं मागणं. आणि मोठेपणी एखाद्या शाळेला काही द्यावंसं वाटलं तर यादी नीट वाचा. नाही वाचता आली, तरी द्या.