नकाशातला समुद्र

विलगीकरणाच्या चौदाव्या दिवशी सकाळी शेफालीने आईच्या फोनवरचे ॲप उघडले. पडद्यावर आधी नगरसेवक साहेबांचा फोटो हसला, मग अक्षरे लाल झाली : ‘उल्लंघन. विलगीकरण पुन्हा सुरू. दिवस पहिला.’

हे दुसऱ्यांदा होत होते. मायलेकींच्या तपासण्यांत काही निघाले नव्हते. शेफालीचे वडील चंदू कोरोनातून बरे होऊनही दादरच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात अडकले होते; घरचा फोन हिरवा झाल्याखेरीज रुग्णाला सोडायचे नाही, असा नियम होता. घरच्यांनी आपल्याला टाकले, असे त्यांच्या मनाने घेतले होते. फोनवरचे बोलणे त्यांना पटत नव्हते आणि चार दिवस जेवणाचे ताट तसेच परत जात होते.

वरळी कोळीवाड्याची गल्ली बांबूंनी बंद होती. बांबूंपलीकडे साहेबांचा कार्यकर्ता वैभव टॅब घेऊन उभा होता.

“मावशी, चौदा दिवसांचा हिशेब आज आला. तुम्ही रोज सकाळी सहा वाजता समुद्रात जाता.”

“समुद्रात?” शेफालीची आई रखमा उसळली. “मेल्या, मागल्या दारी वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालते मी! चार पावलं नाय.”

“नकाशात तिथं निळं आहे.”

“त्याच निळ्यावर तू क्रिकेट खेळून वाढलास. डोळे हायत ना तुला?”

“डोळ्यांचं चालत नाही, मावशी. सगळं वरून येतं.”

“वरून? परवा तुझा साहेब शंभर माणसं घेऊन गल्लीत सॅनिटायझर वाटून गेला, तो नाय झाला कुठं लाल?”

वैभवने मास्क वर ओढला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “फोन घरात ठेवला असतात, तर कुणाला कळलं असतं?”

शेफाली जागच्या जागी थिजली. तिनेच आईला बजावले होते : दर तासाला चेहऱ्याचा फोटो मागतात, फोन कमरेला खोचूनच फिर. रखमाने तो लेकीचा शब्द म्हणून पाळला होता. बोंबील वाळवतानाही, दर पहाटे.

रखमा घरात आली. फोन तिने एकवीरेच्या फळीवर ठेवला आणि मागच्या दाराने होडी पाण्यात लोटली.

“आई, पोलीस अडवतील!”

“समिंदरात? त्यांच्या नकाशात मी तिथंच हाय की. केंद्राच्या खिडकीखाली जाते. मला बघितल्याबगर तो घास घेणार नाय.”

“आणि फोटो?”

रखमाने वल्हे उचलून भिंतीकडे दाखवले. तिथे लग्नाची तसबीर होती.

नऊ वाजता फोन वाजला. शेफालीने तसबीर उतरवून चंदूचा चेहरा तळव्याने झाकला आणि तीस वर्षांपूर्वीची, मुंडावळ्या बांधलेली रखमा कॅमेऱ्यासमोर धरली. क्षणभर चक्र फिरले. हिरवी खूण उमटली. ‘आपण घरीच आहात. सहकार्याबद्दल आभार.’ साहेब पुन्हा हसले.

मागल्या दारातून होडी दिसत होती, दादरच्या दिशेला, बोटाच्या पेराएवढी. शेफालीने तसबीर खिळ्यावर परत लावली नाही. ती मांडीवर घेऊन दहा वाजण्याची वाट पाहत बसली.