मधली खुर्ची

बेटावरच्या लंबासा शहरातल्या विद्यापीठ केंद्रात शनिवारी भरणाऱ्या त्या वर्गात दोघांचं हाडवैर आहे, हे सगळ्यांनी पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. वासिती खिडकीपाशी बसायची आणि रुपेनी मास्तर दारापाशी. ती आत आली की ते पुस्तकात डोकं खुपसायचे, आणि ते उत्तर द्यायला उठले की ती बाहेर कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या गाड्या बघत बसायची. चहाच्या सुट्टीत ते पुढच्या पडवीत, तर ती मागच्या. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेला आलेली माणसं ती. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला झटकन कळतं, असं त्यांना वाटणारच.

खरं म्हणजे रुपेनी हा वासितीचा सख्खा थोरला भाऊ. आडनावाच्या जागी एकाला पणजोबांचं नाव लागलं, दुसरीला आत्याचं, त्यामुळे हजेरीवरून कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. वासिती वयात आली तेव्हापासून दोघं एकमेकांना तांबू झाली. थेट एकमेकांशी बोलायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. त्यांच्या नामालो गावात याहून मोठा मान भावाला बहिणीकडून आणि बहिणीला भावाकडून मिळत नाही. शहरातली मुलं आता हे फारसं पाळत नाहीत, पण ही दोघं जुन्या वळणाची. फोनवर लिहून पाठवणंही त्यांच्या हिशेबी बोलणंच, म्हणून एकाचा नंबर दुसऱ्याकडे नव्हता.

याचा अर्थ निरोप जात नव्हते असा नाही. पूर्वी रुपेनीची बायको उलामिला ते काम हसतखेळत करायची; तिला आणि वासितीला थट्टेची पूर्ण मुभा होती. उलामिला वारली. वासितीचा नवरा हंगामी कामाला ऑस्ट्रेलियात गेलेला, मुलं राजधानीत, सुव्हाला शिकायला. उरली एकटी आई. रविवारी चर्चनंतर गावच्या घरात तिघं चटईवर बसत आणि रुपेनी छताकडे पाहत म्हणायचा, "आई, वासितीला सांग, मागच्या दाराची बिजागरी मी बसवलीय." वासिती हातभरावर बसलेली असायची. आई मान वळवून तेच शब्द पुन्हा सांगायची आणि वासिती आईला सांगायची की फार बरं झालं. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

वावगं घडलं ते मागच्या वर्षी. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लंबासाच्या हॉस्पिटलात झालं. तिथून वासितीचं घर चालत दहा मिनिटांवर, आणि तिला कळलं ते पंधरवड्यानंतर, चर्चच्या पायरीवर, एका लांबच्या मावशीकडून. भावानं आपल्याला खड्यासारखं बाजूला काढलं, हे तिच्या मनात जे रुतलं ते निघालंच नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, झालं ना आता सगळं नीट. भावाला विचारायचं तर आईच्याच तोंडून विचारायला हवं होतं. वासितीनं मूग गिळले आणि रविवारी फारशी न थांबता निघायला लागली.

वर्गाला शिकवायच्या आनाइसी मॅडम. जन्म, शाळा, कॉलेज सगळं सुव्हाचं. तांबू वगैरे त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलं होतं, पण लॅपटॉप घेऊन येणारी माणसं ते पाळत असतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. शेवटच्या विषयाची तोंडी परीक्षा म्हणजे कामगिरीचा आढावा. एकानं मॅनेजर व्हायचं, दुसऱ्यानं कर्मचारी. कर्मचाऱ्यानं आपलं खरं काम समोर ठेवायचं आणि मॅनेजरनं त्याचे गुणदोष त्याच्या तोंडावर सांगायचे. मॅडमनी जोड्या लावल्या, आणि ज्या दोघांचं पटत नाही त्यांनाच एकत्र बसवावं, म्हणजे त्यांचंही भलं होईल, अशा उदात्त विचारानं वासितीला मॅनेजर केलं आणि रुपेनीला तिचा कर्मचारी.

वर्गानं मिटक्या मारल्या. वासितीला मात्र आपली नोकरी डोळ्यांपुढे दिसली. लाकडाच्या गिरणीत ती मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या खुर्चीवर तीन वर्षं तात्पुरती बसत होती. पदविका आली तर खुर्ची कायमची, नाही तर पुन्हा हजेरी विभाग.

तास संपल्यावर तिनं मॅडमना गाठून सगळं सांगितलं. मॅडम आधी हसल्या, मग ओशाळल्या. जोडी बदलून देते म्हणाल्या. आणि वही मिटता मिटता थांबल्या.

"वासिती, एक विचारू? तुझ्या गिरणीत नामालोची किती माणसं आहेत?"

"निम्मी असतील."

"आणि त्यातले तुझे भाऊ लागणारे?"

वासिती मनात मोजू लागली. बापाच्या भावांची मुलं भाऊच, आईच्या बहिणींची मुलंही भाऊच, आणि त्यांच्याही मागे आजोबांच्या भावांची नातवंडं. तीन वर्षं ती त्या सगळ्यांचे आढावे हजेरीच्या कारकुनाकडून उरकून घेत होती आणि साहेबाच्या हे अजून ध्यानात आलं नव्हतं.

"तुझा नियम मी मोडायला सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आढावा टाळून ही नोकरी होणार नाही. जोडी बदलू का, तू सांग."

वासिती राहू दे म्हणाली. घरी येईपर्यंत तिला त्याचा पुरता पश्चात्ताप झाला होता.

त्या आठवड्यात तिनं पाठ्यपुस्तक उलटंपालटं केलं. वाट सापडली ती अगदी साध्या जागी, जी वाक्यं ती स्वतः गिरणीच्या फलकावर लावत आली होती: आढाव्याच्या वेळी कर्मचाऱ्याला आपल्या बाजूचा एक माणूस सोबत आणता येतो आणि तो माणूस त्याच्या वतीनं बोलू शकतो. ती हसली आणि सरोज लताला फोन लावला.

सरोज लता साखर कारखान्याच्या पगार विभागातली, वर्गातली सगळ्यात बोलकी बाई. हे भांडण नाही हे ऐकून आधी ती खट्टू झाली, कारण तिनं ते घरोघर पोचवलेलं होतं. मग मात्र तिनं पदर खोचला. रुपेनी मास्तरांकडे जाऊन तिनं स्वतःच ठरवून टाकलं की आपण त्यांच्या बाजूचा माणूस. मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि ठीक आहे म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला वासिती, दुसऱ्या बाजूला रुपेनी आणि मध्ये, टोकाला, सरोजची खुर्ची. वासिती सरोजकडे बघून बोले, रुपेनी सरोजकडे बघून ऐके. सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. वासितीनं सांगितलं की कर्मचाऱ्याच्या शाळेत मुलांची हजेरी वाढली आहे, त्याबद्दल त्यांचं कौतुक. सरोज वळून म्हणाली, "मास्तर, मॅनेजर फार खूश आहेत तुमच्यावर, बघतच राहाव्या इतक्या खूश." मागच्या बाकावर हशा पिकला. मॅडमनी सरोजला पदरचा मीठमसाला न घालण्याची ताकीद दिली. मास्तरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं हे फक्त वासितीला कळलं, आणि तेही न बघता.

मग दोष सांगायची वेळ आली. सगळ्यात जास्त गुण त्यालाच होते. पण थोरल्या भावाचे दोष चारचौघांत काढायचे होते. तिनं त्यांच्या कामाचा कागद पुन्हा वाचला. मुख्याध्यापक असून शाळेतली सगळी कामं ते स्वतः करत, आणि सूचना एका जुन्या शिक्षकामार्फत पोचवत. एवढंच होतं त्यात. पण तिच्या मनात वर्षभर रुतलेलं जे होतं, ते नेमकं तिथेच येऊन टोचलं.

"कर्मचाऱ्यांना सांगा," ती सरोजला म्हणाली, "ते सगळा भार एकटे उचलतात. त्याला लोक मोठेपणा म्हणत असतील, मी म्हणत नाही. बाकीच्यांना वाटतं, आपली गरजच नाही."

सरोजनं सांगितलं, या वेळी अक्षरही न बदलता.

"आणि निरोप ते एकाच माणसाकडे देतात. तो पोचला की नाही, हे कधी बघत नाहीत. मागच्या वर्षी एक निरोप पोचलाच नाही."

"कुठला निरोप?" सरोजनं विचारलं.

"त्यांना माहीत आहे."

रुपेनी टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. मॅडमनी काहीतरी लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"सरोज, मॅनेजरना सांगा," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज शाळेतला नव्हता. "निरोप मी दिला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आईजवळच दिला होता. मला वाटलं, पोचला. मी दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून दाराकडे बघत होतो. मला वाटलं, निरोप पोचूनही कुणी आलं नाही."

सरोजनं ते पुन्हा सांगायची गरज नव्हती.

वासितीला वाटलं, आपल्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलला आणि खालची जागा अजून दुखतेय. वर्षभर ती ज्याच्यावर रुसून होती, तो तिच्यावर रुसून बसला होता. आणि दोघांच्या मध्ये बसून आई, पोरांना कशाला त्रास द्या, म्हणून तो निरोप शांतपणे गिळून बसली होती. तिच्याबद्दलचाच निरोप तिच्याच हाती दिला होता. ती दुसरं काय करणार होती? वासितीला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही आवरून तिनं कागद सरळ केला, कारण आढावा अजून संपला नव्हता.

"कर्मचाऱ्यांना सांगा, मॅनेजरचंही चुकलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पुढच्या वर्षासाठी एकच सुधारणा. निरोपाला आणखी एक माणूस नेमावा."

"कुणाला नेमू, ते विचारा," रुपेनी म्हणाला.

दोघंही सरोजकडे बघत होती. सरोजला ते समजायला जरा वेळ लागला.

"अहो, मी परीक्षेपुरती आले होते," ती म्हणाली. वर्ग हसला. तिचं मात्र नाक लाल झालं होतं आणि ती पदराचं टोक शोधत होती.

वर्ग पांगल्यावर मॅडम वासितीजवळ थांबल्या. नजरेला नजर देण्याचे गुण तिला देता येणार नव्हते, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाकीचे मात्र सगळे दिले होते. मग त्या उगाच खुर्च्या सरळ करत राहिल्या.

"माझा भाऊ सिडनीला असतो," त्या म्हणाल्या. "दर रविवारी आम्ही फोनवर एकमेकांची तोंडं बघतो. तास तास बोलतो. पण इतकं कधी बोललो नाही."

पदविका मिळाली. गिरणीच्या साहेबानं खुर्ची कायम केली. पहिल्याच आठवड्यात वासितीनं आढाव्याच्या खोलीत एक तिसरी खुर्ची ठेवून घेतली. ती कशाला, असं साहेबानं विचारलं, तेव्हा पुस्तकात आहे म्हणून तिनं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

सरोजच्या नशिबी मात्र ते काम कायमचं आलं. रविवारी पोळ्या लाटताना तिचा फोन वाजायचा आणि मास्तर म्हणायचे, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, फणस पाठवतोय." ती नवऱ्यापुढे कपाळाला हात लावायची आणि दुसऱ्या हातानं वासितीचा नंबर फिरवायची. एकदा दोन रविवार फोन आला नाही, तर तिनंच मास्तरांना फोन करून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

मग एका बुधवारी ती भर दुपारी गिरणीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, कारण हा निरोप फोनवर सांगण्यासारखा नाही, असं तिला वाटलं.

"उद्या सकाळी आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "मास्तर म्हणाले, दोन माणसं लागतील. पोचला का निरोप, ते विचारून लगेच कळवायला सांगितलंय."

"पोचला म्हणावं," वासिती म्हणाली. मग रजेचा अर्ज लिहायला ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली तेव्हा रुपेनी बाकाच्या एका टोकाला बसला होता. दुसऱ्या टोकाला तिच्यासाठी जागा होती, मध्ये आईची पिशवी. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसली. तिनं केळीच्या पानात बांधून आणलेले कसाव्याचे उकडलेले कंद आणि मासळी पिशवीवर ठेवली. थोड्या वेळानं त्यातलं अर्धं कमी झालं. दुपारी नर्सनं आईला बाहेर आणून दोघांच्या मध्ये बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि औषधानं डावाही मिटलेला. आईनं दोन्ही बाजूंना हात चाचपून पाहिलं. डावीकडे रुपेनीचं मनगट लागलं, उजवीकडे काचेच्या बांगड्या, सरोजनं पदविकेच्या दिवशी दिलेल्या.

"ही कोण?" ती म्हणाली. "वासिती आलीय का रे? तिला कुणी सांगितलं?"

रुपेनी भिंतीकडेच बघत होता.

"मी बोलावलं, आई," तो म्हणाला.

आईनं यावेळी मान वळवून ते शब्द पुन्हा सांगितले नाहीत. तिनं दोघांचे हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि आता घरी कोण नेणार म्हणून विचारलं.