तरंगणारी सरकी

१९६३ सालचा मे महिना संपत आला होता. पेरणीआधी बी कसं पारखावं हे दाखवायला ग्रामसेवक इंद्रभान अमडापुरात मंजुळाबाईंच्या अंगणात आले. आदल्या आठवड्यात ज्वारीवर केलेला प्रयोग आज सरकीवर होता. बुडेल ते बी भरलेलं, तरंगेल ते पोचट. मंजुळाबाईंनी राखलेल्या सरकीतली मूठभर त्यांनी पाण्याच्या बादलीत टाकली. सगळीच्या सगळी वर आली.

ओट्यावरून मंजुळाबाईंचे दीर हिंमतराव हसले. "झालं, वहिनी! तुमचं बेणं म्हशीच्या कामाचं. मी उद्या मलकापूरहून नवं आणतो."

दोन वर्षं मंजुळाबाईंनी झाडं हेरून, बोंडं वेगळी वेचून ही सरकी जमवली होती. ती उद्या म्हशीच्या आंबोणात गेली, की घरात पुन्हा कोणी त्यांना बी राखू देणार नव्हतं. त्यांनी एक दाणा दातांनी फोडला. आत गर भरलेला होता.

"साहेब, हा दाणा पोचट कसा?"

"बाई, पाणी काय खोटं बोलते?"

मंजुळाबाई बादलीवर वाकल्या. दाण्यांच्या लवीला बारीक बुडबुडे चिकटले होते. त्यांनी एक दाणा पाण्यातच बोटांनी चोळला. बुडबुडे सुटले, दाणा तळाला गेला.

"भाऊजी, पेराच्या आधी आपण सरकीले शेणकाला काऊन लावतो?"

"दाणे एकमेकाले चिकटू नाही म्हणून. हे का आज समजलं तुम्हाले?"

"लव बसते म्हणून चिकटत नाही. इथं लवीत हवा अडकून राह्यली. सरकी नाही, हवा तरंगून राह्यली."

त्यांनी शेण-माती कालवली, नवी मूठ त्यात चोळली आणि पाण्यात सोडली. बरेचसे दाणे बुडाले. दहा-बारा मात्र वरच राहिले. एक फोडला, तर आत काळपट सुरकुतलेला गर. दुसरा तसाच. आपल्या सरकीत एकही दाणा वाईट नसेल, असं त्या धरून चालल्या होत्या. हिंमतरावांनी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "हे खरंच पोचट हायेत."

हिंमतरावांनी तळातली सरकी मुठीत घेऊन दाबून पाहिली. "बुडालं तेवढं पेरू," ते म्हणाले. "मलकापूर राहू द्या."

इंद्रभाननी डायरी काढली. "चोळायचं किती वेळ, बाई?"

"हाताले समजते."

"असं लिहून वर कसं पाठवू?"

मंजुळाबाईंनी उरलेली सरकी त्यांच्यापुढे सरकवली. इंद्रभाननी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या वर सारल्या आणि शेणकाल्यात हात घातला.