मळखाऊ रंगांचे कपाट

मित्रांनो, मी देवपुरातल्या शालिग्राम नानांचे जुने लोखंडी कपाट आहे. धुळ्यातल्याच एका कारखान्यात माझा पत्रा कापला, वाकवला आणि जोडला. नानांचे लग्न झाले त्या वर्षी मी हातगाडीवरून या घरात आलो.

नाना छापखान्यात यंत्र चालवत. शाईचे हात कुठेही लागत, म्हणून त्यांचे सगळे कपडे मळखाऊ असत. राखाडी, काळे, तपकिरी. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तेच रंग धरून ठेवले. त्यांच्या पत्नी सुंदरबाई, म्हणजे घरातल्या अक्का, घड्या करून ते माझ्या वरच्या कप्प्यात रचत. आलेले पाहुणे माझी नीटनेटकी मांडणी पाहून कौतुक करत. मला त्याचा अभिमान होता.

गेल्या श्रावणात मात्र नानांनी एक पिवळाधमक सदरा आणला आणि राखाडी पँटींच्या खाली सरकवून ठेवला. लपवायचा कशाला? मला तेव्हाच संशय आला. आठ दिवसांनी पोपटी सदरा आला, मग शेंदरी. जुने सदरे एकेक करून गाठोड्यात जाऊ लागले. नाना रंगीत सदरा घालून माझ्या आरशासमोर उभे राहत. पण त्यांचा चेहरा हौसेने नटणाऱ्या माणसाचा नसे. ते बावरलेले दिसत.

सूनबाई डिंपलच्या नजरेतून हे सुटले नाही. धुतलेले कपडे ठेवण्याच्या निमित्ताने ती खिसे चाचपू लागली. एके दिवशी तिला शेंदरी सदऱ्याच्या खिशात चिठ्ठी सापडली. ‘सुलक्षणा, सोमवार, अकरा वाजता.’ खाली फोन नंबर होता. डिंपलने ती मुठीत लपवली. मीही मनात म्हटले, हेच ते!

तिने अक्कांना सांगितले. सोमवारी सकाळी नाना शेंदरी सदऱ्याची बटणे लावत होते, तेव्हा अक्का खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हाऊ सदरा कोणासाठे शे?” त्यांनी विचारले.

“तुन्हासाठे,” नाना म्हणाले.

“खोटं नका बोलू. सुलक्षणा कोण शे?”

नाना खाली बसले. “डोळासनी डॉक्टर. तुन्हा नंबर लायेल शे.”

“मना डोळाले काय व्हयनं?”

नाना मग हळूच म्हणाले, “होळीना दिन तू खुर्चीवरनी मनी शालले चहा देवाले गई व्हती. मी मांगे उभा व्हतू.”

मला तो दिवस आठवला. खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या तपकिरी शालीलाच अक्का नाना समजल्या होत्या. चहा फरशीवर सांडला, तेव्हा हात निसटला असे त्यांनी सगळ्यांना सांगितले होते.

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. “कडाले बठ्ठं धुकं दिखस,” त्या म्हणाल्या. “मले भ्याव लागे. सांगं तर गॅसजोडे जावाले बठ्ठा ना म्हणतीन.” सगळे आपल्याला गॅसजवळ जाऊ देणार नाहीत, ही त्यांची भीती होती.

“मळखाऊ रंगमा मी तुले दिखत नव्हतू. म्हणून हाऊ रंग लिधा. आते दिखस का?”

अक्कांनी हात पुढे केला. तो चाचपडला नाही. थेट नानांच्या खांद्यावर पडला.

बाहेर उभ्या असलेल्या डिंपलने सारे ऐकले होते. ती आत आली आणि तिने चिठ्ठी नानांच्या हातात ठेवली. “नाना, मला आधी विचारायचं सुचलंच नाही हो,” ती म्हणाली. त्या दिवशी तिघेही रिक्षाने डॉक्टरांकडे गेले.

अक्कांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती; उरलेली मात्र औषधाच्या थेंबांनी राखता येणार होती. अक्कांचा गॅस कोणी काढून घेतला नाही. डिंपलने फक्त त्याच्या बटणांवर लाल खुणा केल्या.

मग एकदा अक्कांचे कपाळ माझ्या उघड्या दाराच्या कडेवर आपटले. दुसऱ्याच दिवशी डिंपल केशरी रंगाचा डबा घेऊन माझ्यासमोर बसली. मी चरकलो. या वयात मला हे शोभेल का? पण ब्रश कडेवरून फिरला आणि अक्का लांबूनच म्हणाल्या, “दिखनं, दिखनं!”

मित्रांनो, घरातले कोणी एकाएकी वेगळे वागू लागले, तर माझ्यासारखे मनात काही ठरवून बसू नका. जवळ बसा आणि विचारा. वडीलधाऱ्यांच्या हातून काही सांडले, तर रागावण्याआधी त्यांचे डोळे तपासून आणा. आपल्याला कमी दिसते हे सांगायची त्यांना फार भीती वाटते.

आज शुक्रवार. नाना पिवळा सदरा काढत होते. अक्का पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी तो परत ठेवायला लावला.

“आज पोपटी घाला,” त्या म्हणाल्या. “बाजारमा गर्दी शे. पोपटी मले लांबथून दिखस.”