सासूबाईंचा पहारा

सून वायरमन होती. घरातला पंखा दुरुस्त करण्याआधी तिने मेन स्विच बंद केला आणि सासूबाईंना पहाऱ्याला बसवलं. टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून ती शिडीवर चढली. तेवढ्यात सामना बघायला आसुसलेले सासरे दबक्या पावलांनी स्विचकडे निघाले.

"पोरगी वर लटकलीय आणि तुम्हाला सामना सुचतोय?" सासूबाई झाडू उगारून ओरडल्या. सासरे टेबलाभोवती पळाले, सासूबाई त्यांच्यामागे.

सुनेला हसू आवरेना. "आई, थांबा! फ्यूज माझ्या खिशात आहे!"

"मग मला कशाला बसवलंस?"

"विजेचं काम आहे, आई. एक राखण कमी पडते!"

हसून हसून पाय लटपटायला लागले, तशी ती शहाण्यासारखी खाली उतरली आणि जमिनीवर लोळून मनसोक्त हसली.