फटाकडीला सगळं येतं

मी चाकाची खुर्ची बोलतेय. अपंग मुलांच्या केंद्रातल्या दारामागची. टेकू नका, तुम्ही अठराच्या पुढचे दिसताय. माझ्या पाठीवर शिक्काच आहे, ‘फक्त मुलांसाठी’.

माझ्यावर फटाकडी बसायची. कमरेखाली जीव नाही, पण जिभेत चौघींचा. तिला शिकवायची ताई. ताई स्वतः कुबड्यांवर चालते. पोरं मोठी होण्याआधी आपल्या जिवावर उभी राहावीत, हा तिचा ध्यास. कुणाचा हात मागायचा नाही, हा नियम. माझ्यावरून बाकावर सरकताना फटाकडी पन्नासदा आपटली असेल.

“ताई, हाडं खिळखिळी झाली.”

“होऊ देत. आई काय जन्माला पुरणार आहे?”

तीन वर्षं मी दोघींची बोलणी ऐकली. खरं सांगते, सुखात होते.

अठरा पूर्ण झाली की मला परत करायचं होतं. मोठ्यांना सरकारकडून नवी खुर्ची आणि मदतनीस मिळतो, त्यासाठी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “स्वतःचं स्वतः जमतं?” फटाकडी झोकात बाकावर सरकली. अंघोळ? जमते. कपडे? जमतात. दारात ताईचा ऊर भरून आला. हे सगळं माझ्या जिवावर जमतं, हे सांगायचं तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

कागद आला: ‘कोणत्याही मदतीची गरज नाही.’

ताईनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, पोरगी तर सगळं करते. शेवटी शिपाई मला न्यायला आला. फटाकडीची आई म्हणाली, “आठ दिवस तरी राहू द्या हो.”

“माझ्या हातात नाही, मावशी.”

“ने दादा,” फटाकडी म्हणाली. “डावा ब्रेक सैल आहे, उतारावर जप.”

शिवणकामाची ठरलेली नोकरी गेली. उचलून उचलून आईची कंबर गेली. फटाकडी पलंगावर भिंतीकडे तोंड करून असते. ताई भेटायला गेली, तर बोललीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात ताईनं माझ्यावर नवी मुलगी बसवली. सतरा वर्षांची, हुशार. दोन दिवसांत बाकावर सरकायला शिकली होती.

“तपासणीला हे करायचं नाही,” ताई म्हणाली. “हात लुळे सोडायचे. रडू आलं तर उत्तमच.”

“पण ताई, मला येतं ना.”

“माहितेय गं,” ताई म्हणाली, आणि तिला माझ्यावरून पडायला शिकवू लागली.